बालकांचा हट्टी अपस्मार आणि स्निग्ध आहाराचा उपचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात स्मृति नगर, भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आजाराचा विषय काढणे काहींना खटकेल, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही हा विषय आम्ही हट्टाने निवडला. मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी आपण लग्नाच्या पंगतीतसुद्धा मोकळेपणाने बोलतो. पण घरातल्या मुलाला आकडी येते, हे वाक्य शेजारच्या बिऱ्हाडापर्यंतही पोचत नाही. गावाकडे ते लपत नाही. तिथे आजी असते, आत्या असते, चावडीवर बसणारी माणसे असतात. नोकरीनिमित्त आपण इतक्या दूर आलो आणि लपवणे सोपे झाले. त्याबरोबर मदतीला धावणारी माणसेही दूर राहिली. ज्या उपचाराविषयी आज आम्ही बोलणार आहोत तो एकट्या आईच्या बळावर चालत नाही. त्याला सारे घर लागते, आणि घर अपुरे पडले तर शेजारही लागतो. म्हणून हा विषय दवाखान्यात न मांडता मंडळाच्या व्यासपीठावर मांडत आहोत.

अपस्माराला आपण आकडी म्हणतो, फेफरे म्हणतो. इकडे त्याला मिर्गी म्हणतात. मेंदूतील पेशींचे विद्युत्-व्यवहार क्षणभर एकाच वेळी बेताल होतात आणि शरीर झटके देऊ लागते, किंवा मूल नुसतेच शून्यात पाहत राहते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासाने भारतातील प्रमाण हजारी साडेपाचच्या आसपास काढले होते. म्हणजे हजार वस्तीच्या वसाहतीत पाच-सहा माणसे, आणि त्यांत मुले आलीच. आपल्यापैकी कोणाच्याही घरात ते मूल असू शकते.

यांपैकी बहुतेकांची आकडी औषधांनी आटोक्यात येते, हे आधी ठासून सांगितले पाहिजे. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने ती थांबत नाही. थांबल्यासारखी वाटते, कारण बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा बोट घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांपेक्षा अधिक लांबली तर रुग्णालय गाठावे, एवढेच प्रथमोपचार. औषध ठरल्या वेळी, न चुकता, वर्षानुवर्षे द्यावे लागते. तेवढे केले की पुष्कळ मुले शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात, संसार करतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाला बाध आणणारा दोष म्हणून नोंदला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. कायद्याने काढला, आपण मनातून अजून काढलेला नाही.

मात्र सुमारे एक-तृतीयांश रुग्ण असे उरतात की ज्यांची आकडी औषधांना जुमानत नाही. स्कॉटलंडमधील क्वान आणि ब्रॉडी या संशोधकांनी २००० साली दाखवून दिले की पहिल्या औषधाने जवळजवळ निम्म्यांना गुण येतो. पहिली दोन औषधे हरली की पुढच्या औषधाने आकडी पूर्ण थांबण्याची शक्यता फारच थोडी उरते. याच आधारावर आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० साली व्याख्या निश्चित केली. योग्य निवडलेली, योग्य मात्रेत दिलेली, मुलाला सोसलेली दोन औषधे अयशस्वी ठरली की तो अपस्मार 'औषधरोधी' समजावा.

ही व्याख्या पालकांनी लक्षात ठेवावी, असा आमचा आग्रह आहे. दोन औषधे हरल्यावर तिसरे, चौथे, पाचवे असा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो. आमच्या व्यवसायातील मंडळीही हा क्रम कधीकधी सवयीने चालू ठेवतात. मधल्या काळात नवस होतात, ताईत बांधले जातात, कोणी सांगितलेली मुळी उगाळून दिली जाते. लहान वयातील मेंदूच्या वाढीचे महिने या फेऱ्यांत निघून जातात, ते परत येत नाहीत. दुसरे औषध हरले त्या दिवशी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत. या मुलाला शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का? आणि आहाराचा उपयोग होईल का? शस्त्रक्रिया हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

उपाशी माणसाची आकडी थांबते, हे निरीक्षण फार जुने आहे. १९११ साली पॅरिसच्या गेल्पा आणि मारी या दोघांनी उपवासाचा परिणाम नोंदला. नंतर अमेरिकेत मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक गावचा कॉंक्लिन नावाचा चिकित्सक रोग्यांना तीन-तीन आठवडे पाण्यावर ठेवत असे. पण वाढत्या मुलाला उपाशी तरी किती दिवस ठेवणार? मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली यावर मोठी मार्मिक तोड सुचवली. उपवासात शरीर साठलेली चरबी जाळते आणि यकृतात 'कीटोन' नावाची द्रव्ये तयार होतात. मग मुलाला जेवू घालूनच शरीराला उपवासाचा भास का घडवू नये? पिष्ट आणि साखर जवळजवळ बंद, प्रथिने वाढीपुरती, आणि बाकी सगळी भूक स्निग्ध पदार्थांवर भागवायची. या आहाराला त्यांनी 'कीटोजेनिक' म्हटले. आम्ही मराठीत त्याला स्निग्ध आहार म्हणतो.

इथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. उपवास म्हटला की आपल्याला वाटेल, यात आपण मराठी माणसे तरबेज आहोत. पण आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ. एकादशी अन् दुप्पट खाशी, तेही सगळे पिष्ट! या उपचाराच्या दृष्टीने आपली एकादशी म्हणजे नेमके उलटे टोक आहे. दुसरी एक गोष्ट आयुर्वेदाच्या अभिमान्यांसाठी. चरकसंहितेत अपस्मारावर पंचगव्य घृतासारखी सिद्ध तुपे सांगितली आहेत, तेव्हा हे सारे आमच्याकडे होतेच, असे म्हणण्याकडे मन ओढ घेते. आम्ही त्या मोहात पडत नाही. चमचाभर औषधी तूप घेणे वेगळे आणि दिवसाच्या जेवणातील नव्वद टक्के ऊर्जा स्निग्धांशातून घेणे वेगळे.

नव्वद टक्के हा आकडा कसा येतो ते पाहा. अभिजात स्निग्ध आहारात प्रथिने आणि पिष्ट मिळून १ ग्रॅम असेल तर स्निग्धांश ४ ग्रॅम असतो. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमात ९ उष्मांक, म्हणजे ३६ झाले. प्रथिने वा पिष्टाच्या एका ग्रॅमात ४. एकूण ४०, त्यांतले ३६ स्निग्धांशाचे. आता समजा, एखाद्या लहान मुलाला दिवसाला १००० उष्मांक लागतात. त्याला १०० ग्रॅम स्निग्धांश द्यावा लागेल आणि प्रथिने व पिष्ट मिळून फक्त २५ ग्रॅम. त्यांतले १५ ग्रॅम प्रथिनांना गेले तर पिष्टासाठी उरले १०. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे भाजी, दूध, पनीर या सर्वांतले पिष्ट मिळून दिवसाची मर्यादा अर्ध्या पोळीएवढी! धानाचे कोठार म्हणवणाऱ्या या छत्तीसगडात, जिथे सकाळी पोहे, दुपारी भात आणि रात्री पुन्हा भात, तिथे हे किती कठीण आहे ते गृहिणींना सांगायला नको.

एवढे केल्यावर आकडी का थांबते? मेंदू एरवी साखरेवर चालतो. साखर मिळेनाशी झाली की तो कीटोन वापरू लागतो. या बदलाने पेशींचे चेतावणे शांत होते, त्यांची ऊर्जानिर्मिती सुधारते, मेंदूतील रासायनिक दूतांचा तोल बदलतो, अशी निरनिराळी स्पष्टीकरणे आहेत आणि बहुधा एकाहून अधिक खरी आहेत. एका आजारात मात्र कारण आरशासारखे स्वच्छ आहे. रक्तातील साखर मेंदूत नेणारे वाहक प्रथिन जन्मतः अपुरे असणारी काही मुले असतात; १९९१ साली डी व्हिवो यांनी त्यांचे वर्णन केले. घरात धान्य असून कोठीची किल्ली हरवावी, तशी या मुलांची अवस्था असते. त्यांना कीटोन हेच मेंदूचे अन्न, आणि स्निग्ध आहार हाच पहिला उपचार. तान्ह्या मुलांच्या आचक्यांत आणि बालवयातील काही विशिष्ट हट्टी अपस्मारांतही या आहाराचा गुण चांगला येतो.

मग इतका गुणकारी उपाय मागे का पडला? १९३८ साली फेनिटॉइन हे औषध आले. गोळी देणे सोपे, तराजू घेऊन स्वयंपाक करणे अवघड. हळूहळू आहार शिकवणारी रुग्णालये थोडी उरली. तो पुन्हा जगापुढे आणला तो एका बापाने. अमेरिकेतील चित्रपट दिग्दर्शक जिम एब्राहम्स यांच्या चार्ली नावाच्या तान्ह्या मुलाला १९९३ साली आकडी येऊ लागली. अनेक औषधे झाली, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, गुण नाही. शेवटी बापाने स्वतः ग्रंथालयात बसून पुस्तके चाळली, तेव्हा या आहाराचा पत्ता लागला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. जॉन फ्रीमन आणि आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली यांनी तो अजून जपून ठेवला होता. आहार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत चार्लीची आकडी थांबली. १९९४ साली त्या बापाने मुलाच्या नावाने संस्था काढली आणि १९९७ साली मेरिल स्ट्रीप यांना घेऊन या विषयावर चित्रपट केला. सत्तर वर्षे पुस्तकात असलेला उपाय डॉक्टरांनी सांगायचा, तो बापाला शोधून काढावा लागला. आम्हां वैद्यकीय व्यवसायातील माणसांना ही गोष्ट ऐकताना मान खाली घालावी लागते.

चार्लीचे ऐकून प्रत्येक मुलाचे तसेच होईल, असे मात्र कोणी समजू नये. डॉ. फ्रीमन यांनी १९९८ साली १५० मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वर्षअखेर त्यांपैकी ५५ टक्के मुले आहारावर टिकून होती. निम्म्या मुलांच्या आकड्या निम्म्याहून कमी झाल्या होत्या. २७ टक्क्यांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या होत्या. बाकीच्यांना एक तर गुण आला नाही किंवा आहार झेपला नाही. २००८ साली लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४५ मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. तीन महिन्यांनी आहाराच्या गटातील ३८ टक्के मुलांच्या आकड्या निम्म्याने वा अधिक घटल्या, दुसऱ्या गटात अवघ्या ६ टक्क्यांच्या.

'हे सारे लोणी-चीज खाणाऱ्यांचे, आपल्याकडे कसे जमणार?' ही शंका आम्ही पुष्कळदा ऐकतो. तिला उत्तर आपल्याच मुंबईने दिले आहे. डॉ. जनक नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांना, भारतीय स्वयंपाकघरातील पदार्थ घेऊन हा आहार दिला आणि शंभराहून अधिक मुलांचा अनुभव २००९ साली 'इंडियन पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात मांडला. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुवासिनी शर्मा, डॉ. शेफाली गुलाटी आणि सहकाऱ्यांनी १०२ मुलांवर जरा सैल अशा 'सुधारित अॅटकिन्स' आहाराची चाचणी घेतली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. यात दिवसाचे पिष्ट १० ग्रॅमवर रोखले, पण प्रत्येक घास तोलण्याची सक्ती नव्हती. तीन महिन्यांनी आहारावरील ५२ टक्के मुलांच्या आकड्या निम्म्याहून कमी झाल्या. आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेअकरा टक्के होते. पुढे दिल्लीतच शिक्षण कमी असलेल्या पालकांसाठी वाटी-चमच्याच्या मापाने चालणारा आणखी सोपा प्रकार तयार झाला आणि त्याचाही गुण आला. म्हणजे हा केवळ इंग्रजी शिकलेल्यांच्या घरचा उपचार आहे, हा समज सोडून द्यावा.

२०२० साली एम्सनेच तीन प्रकारांची तुलना प्रसिद्ध केली, १७० मुलांवर, २४ आठवड्यांची. आकड्यांतील घट अभिजात आहारात ६६ टक्के, सुधारित अॅटकिन्समध्ये ४५ आणि साखर सावकाश चढवणाऱ्या निवडक पिष्टाच्या आहारात ५४ टक्के अशी आली. कडक आहार थोडा सरस, पण त्रासही अधिक. तान्ह्या मुलाला कडक आहार बाटलीतूनही देता येतो. शाळेत जाणाऱ्या आणि मित्रांच्या डब्यात डोकावणाऱ्या मुलाला सैल प्रकारच टिकतो, असे आमचे मत आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. साजूक तूप, लोणी, साय, खोबरेल तेल, नारळाचे घट्ट दूध, पनीर, चालत असल्यास अंडी आणि मासे, हे या ताटातले मानकरी. पालक, मेथी, दुधी, काकडी, फ्लॉवर या भाज्या मोजून. इकडच्या बाजारात मिळणाऱ्या लाल भाजी, चेच भाजी यांसारख्या पालेभाज्या महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांना ठाऊकही नसतील; आहारतज्ज्ञाला दाखवून त्यांचा उपयोग करून घ्यावा. फ्लॉवर किसून केलेला 'भात', त्यावर तुपाची धार. नारळाच्या दुधातली भाजी. पनीर कुस्करून केलेले थालीपीठ. कुशल हात यातून पुष्कळ काही उभे करतात, आणि मराठी गृहिणीच्या हाताविषयी आम्हांला शंका नाही.

अडचण पदार्थांची फारशी नसते, ती येते मायेच्या वाटेने. आठवडाभर आईने ग्रॅम-ग्रॅम तोलले, आणि सत्यनारायणाच्या पूजेला कोणी तरी 'एवढ्याशा शिऱ्याने काय होते' म्हणत मुलाच्या हातावर प्रसाद ठेवला. एवढ्याशा शिऱ्याने होते. कडक आहारावरील मुलाच्या रक्तातील कीटोन तेवढ्या साखरेने उतरू शकतात आणि त्याच रात्री आकडी परत येऊ शकते. देवाच्या प्रसादाला नाही म्हणणे आजीला जड जाते, हे आम्ही जाणतो. अशा वेळी नैवेद्यावरचे तुळशीचे पान मुलाला द्यावे; प्रसादाचा मानही राहतो आणि पथ्यही. पंचामृतात मध-साखर असते, म्हणून तेही नको. संक्रांतीला तिळगुळाऐवजी हिशेबात बसवलेले नुसते तीळ द्यावेत. गोड बोलायला गूळ लागतोच असे नाही. शेजाऱ्यांना, शाळेच्या बाईंना, रिक्षावाल्या काकांना, सर्वांना सांगून ठेवावे. इथेच लपवण्याची सवय आड येते. ज्या घरात आजार गुप्त आहे त्या घरात हे पथ्य पाळले जात नाही, कारण बिस्किट पुढे करणाऱ्याला नाही म्हणण्याचे कारणच सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या किंवा गणपतीच्या सुट्टीत आपण गाडीत बसून मुलुखाकडे निघतो, तेव्हा ही परीक्षा आणखी कठीण होते. प्रवासाचा डबा, छोटा तराजू आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी. त्या चिठ्ठीत ठळक लिहून घ्यावे की या मुलाला गरज पडल्यास ग्लुकोजविरहित सलाईन द्यावे, आणि साखरेचे सिरप न देता गोळी द्यावी. परक्या गावातल्या डॉक्टरने ताप आला म्हणून गोड औषध आणि ग्लुकोजची बाटली दिली तर त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेले नसते. मात्र रक्तातील साखर धोकादायक उतरली असेल तर निर्णय समोरच्या डॉक्टरवर सोपवावा.

हे ऐकून कोणी उद्या सकाळी घरीच हा प्रयोग सुरू करू नये, असे आम्ही हात जोडून सांगतो. वजन उतरवण्यासाठी 'कीटो'ची हवा गेली काही वर्षे सुटली आहे. मोबाइलवर त्याच्या कृती रोज येतात. त्या फॅशनचा आणि या उपचाराचा संबंध नावापुरता. काही मुलांच्या शरीरात स्निग्धांश जाळण्याची यंत्रणाच जन्मतः सदोष असते. अशा मुलाला हा आहार दिला तर प्राणावर बेतू शकते. म्हणून आधी रक्त-लघवीच्या तपासण्या. आहार सुरू झाल्यावरही बद्धकोष्ठ, उलट्या, रक्तातील चरबी वाढणे, मूतखडे, वाढ मंदावणे असे त्रास होऊ शकतात. जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम वेगळे द्यावे लागते, पाणी भरपूर पाजावे लागते, वजन-उंचीची नोंद ठेवावी लागते, लघवीतील किंवा रक्तातील कीटोन मोजावे लागतात. आणि आकडीची औषधे? ती एका दिवसासाठीही आपल्या मनाने थांबवायची नाहीत. औषध एकाएकी बंद केल्याने न थांबणारी आकडी येते आणि मग दोष आहाराच्या माथी जातो.

आपल्या भागातील पालकांनी मुलांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ हे दोघे एकत्र जिथे भेटतील अशी जागा शोधावी. रायपूरला २०१२ पासून एम्स आहे, पलीकडे नागपूर आहे. चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. जाताना आकड्यांची वही न्यावी. तारीख, वेळ, किती मिनिटे, कोणत्या प्रकारची, हे रोज लिहिलेले हवे. गुण आला की नाही हे आठवणीवर ठरत नाही, वहीवर ठरते. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी 'संवेदना' या संस्थेद्वारा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट उभा केला आहे. मराठीतून मोकळेपणी बोलणारी माणसे तिथे भेटतात. दूर राहणाऱ्यांना तोही एक आधार आहे.

मुदतीविषयी सांगून थांबतो. आहार सुरू केल्यावर साधारण तीन महिने निष्ठेने पाळावा. तेवढ्यात काहीच फरक दिसला नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो सोडावा; आईने कमी पडल्याचे दुःख मनात धरू नये. गुण आला तर बहुधा दोन वर्षे चालवतात, मग चारास एक हे प्रमाण तीनास एक, दोनास एक असे महिन्या-महिन्यांनी उतरवत मुलाला नेहमीच्या जेवणावर आणतात. ज्या मुलांची आकडी आहारावर पूर्ण थांबली होती, त्यांची जॉन्स हॉपकिन्समध्ये पाहणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ८० टक्के मुले आहार सोडल्यानंतरही आकडीमुक्त राहिली. उरलेल्यांना ती पुन्हा आली. अशा वेळी आहार किंवा औषध पुन्हा सुरू करण्याचा मार्ग मोकळा असतो.

आता आपल्या शंका विचाराव्यात. ज्यांना सर्वांसमोर विचारणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी आम्ही सभा संपल्यावर मागच्या खोलीत बसणार आहोत.